स्वमग्न मुलांना संवाद शिकवायला तुम्ही काय काय वापरता? गोव्यातल्या पालकांनी, शिक्षकांनी सांगावं

अबोली

नमस्कार. आम्ही डिचोलीला राहतो. मुलगा पाच वर्षांचा आहे, गेल्या वर्षी ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झालं. शब्द नाहीत असं नाही. जाहिरातींमधली वाक्यं, बसमधल्या कंडक्टरचं "फाटीं वच, फाटीं!" (कोकणीत मागे जा, मागे!) हे सगळं तो हुबेहूब त्याच सुरात म्हणतो. पण पाणी हवं असलं तर "पाणी" म्हणत नाही, माझं मनगट धरून फ्रिजपर्यंत नेतो. बालवाडीत बाकीची मुलं खेळत असली की हा झोपाळ्याची साखळी हलवत एकटा उभा असतो.

मला हे विचारायचं आहे: घरी शिकवण्यासाठी कुठलं साहित्य घ्यावं? मराठीत चालणारं एखादं अ‍ॅप आहे का? एका ठिकाणी आम्हाला सांगितलं की घरात फक्त इंग्रजी बोला, नाहीतर मूल गोंधळतं. आम्ही दोघं मराठी बोलतो, सासूबाई कोकणी. त्यांनी नातवाशी काय बोलायचंच नाही का? आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली आहे. मूळ घरी सगळं कुटुंब जमतं. गेल्या वर्षी आरती सुरू झाल्यावर तो कान झाकून पलंगाखाली जाऊन बसला, आणि नातेवाईकांचं बोलणं मला ऐकावं लागलं ते वेगळंच.

सुरंगी

अबोलीताई, मी फोंड्याकडे विशेष शिक्षिका आहे. भाषेपासून सुरुवात करते, कारण तिथे चुकीचा सल्ला मिळाला तर घरातलं बोलणंच आटतं.

घरात इंग्रजी सुरू करू नका. दोन भाषांत वाढणारी स्वमग्न मुलं एका भाषेत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांपेक्षा बोलण्यात मागे पडतात असं संशोधनात दिसलेलं नाही. कॅनडात हँबली आणि फॉम्बोन यांनी २०१२ साली हेच तपासलं होतं. उलट ज्या भाषेत आईला लाडानं, रागानं, पटकन बोलता येत नाही त्या भाषेत ती कमी बोलते, आणि मुलाला तेवढंच कमी ऐकायला मिळतं. सासूबाईंना खुशाल कोकणीत बोलू दे. तुमच्या मुलानं कंडक्टरची कोकणी उचललीच आहे, म्हणजे त्याचा कान तयार आहे.

आता त्या "फाटीं वच"बद्दल. हे तो नेमका कधी म्हणतो, ते एका वहीत लिहून ठेवा. शेजारी कोण होतं, किती माणसं होती, त्याआधी काय घडलं. ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी म्हणण्याला एकोलॅलिया म्हणतात. पूर्वी ती सवय मोडायला लावत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बॅरी प्रिझंट यांनी दाखवून दिलं की त्यातल्या बऱ्याच वाक्यांना काम असतं: मागणं, नाकारणं, स्वतःला शांत करणं. वाक्य उसनं असतं, म्हणणं त्याचं असतं.

मनगट धरून फ्रिजपाशी नेणं हासुद्धा संवादच आहे, फक्त त्यात तो तुमच्या हाताशी बोलतोय, तुमच्याशी नाही. तो हात तुमच्यापर्यंत पोचवायला चित्रं उपयोगी पडतात. चित्र देऊन वस्तू मागायला शिकवणारी पेक्स ही पद्धत अमेरिकेत डेलावेअरमध्ये अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली विकसित केली. पहिल्या टप्प्यात मोठी माणसं दोन लागतात. तुम्ही समोर बसा, हातात त्याची आवडती वस्तू. मुलाच्या पाठीमागे नवरा किंवा सासूबाई. मुलानं वस्तूकडे हात नेला की पाठचं माणूस काही न बोलता त्याचा हात चित्राकडे वळवतं आणि चित्र तुमच्या हातात ठेवायला मदत करतं. चित्र हातात पडलं की तुम्ही लगेच "पाणी!" म्हणून पाणी द्यायचं. "काय हवं? सांग बघू, काय हवं?" असं अजिबात विचारायचं नाही. सुरुवात त्याच्याकडून व्हायला हवी, आणि आपण प्रश्न विचारला की तो उत्तराची वाट बघायला शिकतो. पाठच्या माणसाची मदत हळूहळू कमी करत न्यायची.

चित्रांचे महागडे संच घेऊ नका. त्याच्याच स्टीलच्या पेल्याचा फोटो काढा, लॅमिनेट करा, पाठीमागे वेल्क्रो लावा, झालं. फोटो ओळखायला लागला की आरासाक वापरा. स्पेनमधल्या आरागॉन सरकारचा हा चित्रसंग्रह आहे, इंटरनेटवर फुकट मिळतो, घरगुती वापराला परवानगी लागत नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याचा सराव पोदेरापाशी, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्यापाशी, झाला. सकाळी सायकलचा भोंपू वाजला की आई त्याला दारात न्यायची. पोदेर टोपलीवरचं प्लास्टिक बाजूला करायचा आणि थांबायचा. मुलगा कार्ड द्यायचा: कधी उंडो, कधी पोळी, म्हणजे इथल्या पावाचे दोन प्रकार. चुकून पोळीचं कार्ड दिलं तर पोळीच मिळायची, हे फार महत्त्वाचं. आपलं म्हणणं खरं धरलं जातं हे त्याला तिथे कळलं. पोदेराला काय करायचं ते आधी सांगून ठेवलं होतं, आणि त्यानं ते एकदाही चुकवलं नाही.

अ‍ॅपमध्ये जेलो बघा. मुंबईच्या आयआयटीत तयार झालंय, फुकट आहे, चित्रावर बोट ठेवलं की मराठीत बोलतं. चेन्नईचं आवाझही चांगलं आहे, पण ते विकत घ्यावं लागतं. अ‍ॅप दिलं तर पोर बोलायचंच सोडेल ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. २००६ साली मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले. अशा साधनांमुळे कुणाचंही बोलणं कमी झालेलं त्यांना आढळलं नाही, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच.

बार्देसकर

सुरंगीताईंनी सगळं नीट सांगितलंय. माझी मुलगी आता तेरा वर्षांची आहे. मी कागदपत्रं आणि ठिकाणं एवढंच सांगतो.

गोव्यातच एक मोठं काम झालंय, ते इथल्याच पालकांना ठाऊक नसतं याची मला खंत वाटते. संगात ही संस्था १९९६पासून गोव्यात आहे. तिनं पास नावाची पद्धत गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीला एकाच वेळी तपासली, २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांवर. मूळ पद्धत इंग्लंडमधली, पॅक्ट नावाची. इथे ती तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी राबवली. आईबाप मुलाशी खेळतात, त्याचा व्हिडिओ काढतात, आणि मग तो एकत्र बसून बघतात: इथे त्यानं तुमच्याकडे बघितलं होतं, तेव्हा तुम्ही काय केलंत? २०१६ साली लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. आईबाप मुलाच्या कलानं जास्त प्रतिसाद द्यायला लागले आणि मुलं स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करायला लागली. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर राहण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट घटला. हेही सांगायला हवं, म्हणजे अपेक्षा नेमकी राहते.

अबोलीताई, मोबाईल भिंतीला टेकवून खेळताना व्हिडिओ काढा आणि रात्री दोघांनी बघा. आपण किती प्रश्न विचारतो आणि किती कमी थांबतो ते लगेच दिसतं.

पर्वरीला संजय सेंटर, फोंड्यात ढवळीला लोकविश्वास प्रतिष्ठान, बार्देसात सेतू, या ठिकाणी जाऊन बोला. कुणाकडेही थेरपी सुरू करण्याआधी त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. विचारायला संकोच करू नका, चांगली माणसं आपणहून दाखवतात. अमुक महिन्यांत बरा करतो असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. मुलाचा हात धरून त्याच्याकडून टाइप करवून घेणाऱ्यांपासूनही: ते शब्द मुलाचे नसून धरणाऱ्याचे असतात असं वारंवार दिसून आलंय, आणि अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेनं २०१८ साली त्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आहे.

अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या. अपंगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. निरामय विमा योजनेत वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहे. इंग्रजीत आहे, पण घरातल्या रोजच्या कामांतून, म्हणजे आंघोळ, जेवण, कपड्यांच्या घड्या यांतून संवाद कसा वाढवायचा हे त्यात छान दाखवलंय.

मास्तर_पेडणे

मी प्राथमिक शिक्षक. बालवाडीत तो एकटा उभा असतो असं ताईंनी लिहिलंय, त्यावर बोलतो.

आपण त्या एका मुलाला शिकवत बसतो, आणि बाकीच्या पंचवीस मुलांना कुणी काही शिकवत नाही. अमेरिकेत कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांनी शाळांमध्ये हेच ताडून बघितलं, २०१२ साली. काही ठिकाणी स्वमग्न मुलाला एकट्याला कौशल्यं शिकवली, काही ठिकाणी वर्गातल्या सोबत्यांना तयार केलं. सोबत्यांना तयार केलेल्या वर्गांत मुलाचं मित्रमंडळातलं स्थान जास्त सुधारलं. माझा वर्गातला अनुभव तोच आहे.

खेळ असा निवडा ज्यात प्रत्येकाला ठरलेलं काम असतं. पकडापकडीत कोण कुणामागे धावतंय ते क्षणाक्षणाला बदलतं, त्या गोंधळात असं मूल हरवून जातं. लगोरीत तसं नसतं. एकजण चेंडू मारतो, एकजण चेंडू अडवतो, एकजण दगड रचतो. माझ्या वर्गातल्या मुलाला मी दगड रचायला दिलं. मोठ्यावर लहान, ही शिस्त त्याला इतकी आवडली की दुसऱ्या कुणी चुकीचा दगड ठेवला तर तो हाक मारून सांगायला लागला. ती हाक ही त्याची वर्गातली पहिली स्वतःहून मारलेली हाक होती. डॅनियल लेगॉफ यांनी २००४ साली लेगोच्या ठोकळ्यांवर अशीच पद्धत मांडली होती: एकजण नकाशा वाचणार, एकजण ठोकळे पुरवणार, एकजण जोडणार. बोलल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

ताई, बालवाडीच्या बाईंना भेटा आणि दोन शांत मुलं निवडायला सांगा. सगळा वर्ग एकदम अंगावर नको.

निळाशार

मी सव्वीस वर्षांचा, स्वमग्न, मडगावला राहतो. माझ्या लहानपणी मला डोळ्यांत बघायला लावायचे. "इकडे बघ" म्हणून हनुवटी धरायचे. डोळ्यांत बघताना मला शब्द ऐकू येत नाहीत, सगळं बळ बघण्यातच जातं. तुमच्या मुलावर ही सक्ती करू नका. तो कान देत असला तर पुरे आहे.

दुसरं. सगळे जण मागणी आधी शिकवतात: पाणी, बिस्किट, चेंडू. "नको" आणि "थांब" ही कार्डं त्याच दिवसापासून द्या, आणि "बाहेर जायचं" हेही. मला नकार देता येत नव्हता म्हणून मी चावायचो. नकार सांगण्याची सोय झाली की चावण्याची गरज उरत नाही. आणि त्यानं "नको" दाखवलं तर ते माना. औषधाच्या वेळी मानता येणार नाही, तेव्हा निदान "तुला नको आहे, कळलं" एवढं म्हणा.

डेमियन मिल्टन या स्वमग्न संशोधकानं २०१२ साली लिहिलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. २०२०मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी आठ-आठ माणसांच्या साखळ्या करून एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे सांगायला लावली. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत ती जवळजवळ तितकीच नीट पोचली जितकी बिगरस्वमग्नांच्या साखळीत. घसरली ती मिश्र साखळीत. म्हणून तुमच्या मुलाला त्याच्यासारखी मुलंही भेटू द्या. पणजीत २०२३पासून अपंग व्यक्तींचा पर्पल फेस्ट भरतो, तिथे घेऊन या. तिथे हात फडफडवले तर कुणी वळून बघत नाही.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना सुरंगीताईंचं वाचून दाखवलं, त्या तेव्हापासून नातवाशी दुप्पट बोलताहेत.

वही सुरू केली. "फाटीं वच" तो झोपाळ्यापाशी म्हणतो, कुणी जवळ आलं की. काल पाहुणे आले आणि सोफ्यावर त्याच्या बाजूला बसले, तेव्हाही तेच. म्हणजे त्याला जागा हवी आहे. आम्ही इतके दिवस हसत होतो.

आता चवथीचं सांगा.

सुरंगी

फारच छान पकडलंत. आता तो तसं म्हणाला की तुम्ही "जागा हवी" म्हणा आणि खरोखर मागे सरका. त्याचं वाक्य बदलायची घाई नको, तुमचं वाक्य नुसतं शेजारी ठेवत जा.

चवथीसाठी सोशल स्टोरी लिहा. कॅरल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेनं १९९०च्या सुमारास ही पद्धत काढली. हुकूम कमी आणि वर्णन जास्त, हा तिचा गाभा. "रडायचं नाही, शहाण्यासारखं वागायचं" अशी वाक्यं त्यात बसत नाहीत. काय होणार, का होणार, लोक काय करतील आणि तो काय करू शकतो, एवढंच. मूळ घराचे फोटो काढून आणा. गेल्या वर्षीचे मोबाईलमध्ये असतीलच. एका पानावर एक फोटो आणि दोनच वाक्यं. असं काहीसं:

"चवथीला आम्ही गावच्या घरी जातो. तिथे आजी, काका, मामा आणि पुष्कळ मुलं असतात.

गणपतीच्या वर माटोळी बांधतात. माटोळीत फळं असतात. ती बघायला मला आवडतं.

संध्याकाळी आरती होते. काका घुमट वाजवतात. घुमटाचा आवाज मोठा असतो.

आवाज मोठा वाटला तर मी कानांवर हेडफोन लावू शकतो. मी आईला 'बाहेर' कार्ड देऊ शकतो. आई मला मागच्या खोलीत नेते. मागची खोली शांत असते.

आरती संपते. मग नेवऱ्यो मिळतात."

माटोळीची फळं त्याला खरंच आवडत असतील तरच ते वाक्य ठेवा. खोटं एक वाक्य असलं तरी मुलाचा पूर्ण गोष्टीवरचा विश्वास जातो. मागची खोली मिळणार हे आधी घरच्यांकडून पक्कं करून घ्या, कारण गोष्टीत लिहिलंय ते व्हायलाच हवं. रोज झोपताना एकदा वाचा, संकट आल्यावर नाही. घुमटाचा आवाज मोबाईलवर आधी बारीक ऐकवा, रोज थोडा वाढवा, त्यानं "नको" दाखवलं की थांबवा.

बार्देसकर

फटाक्यांचं एक पान जोडा, ते राहतंच नेहमी. आणि हेडफोन म्हणजे गाण्याचे नव्हेत, आवाज अडवणारे, बांधकामावर कामगार वापरतात तसले. दोन आठवडे आधी घरी सवय करा, नवीन वस्तू ऐन आरतीत डोक्यावर घालून घेणार नाही.

नातेवाईकांसाठी वेगळा मेसेज लिहा, त्यांच्या ग्रुपवर टाका: गालगुच्चा घेऊ नका, उचलू नका, त्यानं कार्ड दिलं तर घ्या आणि त्यावर असेल ते द्या. आमच्याकडे हा मेसेज माझ्या आईनं स्वतःच्या नावानं टाकला. सुनेनं टाकला असता तर चर्चा झाली असती. तुमच्याकडे सासूबाई तयार असतील तर त्यांच्याकडूनच जाऊ दे.