घाटात गाडीचा टेंपरेचरचा काटा लालपर्यंत, शहरात एकदम नॉर्मल. रेडिएटर बदलू की हेड उघडू?

राजेंद्रनगरकर (इंदूर)
नमस्कार मंडळी. गाडी २००८ ची डिझेल सात सीटर, १ लाख ७२ हजार किमी झालेत, बाबांनी घेतलेली म्हणून विकवत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, मागच्या वेळी लिहिलं तर प्रश्न राहिला बाजूला आणि कुणाची गाडी दणकट यावरच तुम्ही लोक तीन दिवस भांडलात.
तर झालं असं की मे मध्ये ओंकारेश्वरला गेलो होतो, जाताना काही नाही, येताना चोरल सोडलं, भेरूघाट सुरू झाला, पुढे दोन भरलेले ट्रक, आपण त्यांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रखडत, एसी चालू, माणसं सहा, आणि काटा मधून उठला तो लालच्या एक रेघ अलीकडे जाऊन थांबला. एसी बंद केला. बायकोने कुठेतरी वाचलं होतं म्हणून हीटर फुल केला, बाहेर चाळीस डिग्री आणि आत हीटर, आई मागून म्हणते अरे दर्शन झालं ना, आता भाजून काढतोस का आम्हाला. पण काटा उतरला खरा. सिमरोलच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, ७०-८० ने आलो तर पुन्हा मधोमध, जसं काही झालंच नाही.
पहिल्या मिस्त्रीने वॉल (थर्मोस्टॅट) काढून फेकला, म्हणे भिया आपल्याकडे गरमीत याचं कामच नाही. रेडिएटरचं झाकण नवीन लावलं, कुलंट काढून बोरिंगचं पाणी भरलं. जूनमध्ये परत गेलो, परत तेच. दुसरा म्हणतो रेडिएटर आतून चोक, नवाच टाका. तिसऱ्याने बोनेट उघडून नुसतं बघितलं आणि हेड गॅसकेट (इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग) गेलं म्हणाला, इंजिन खोलावं लागेल, खर्च ऐकून मी चहा पण न पिता निघालो. आणि आता वॉल काढल्यापासून सकाळी काटा वर यायलाच तयार नाही, ॲव्हरेज १२ चा साडेदहा झालाय. काय करू?

ग्वाल्हेरी_तोफ
वॉल काढला ना, मग तापणारच. पाणी रेडिएटरमधून इतकं भरभर पळतं की त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही. वॉल लावून टाक, काम खतम. आणि तिसऱ्या मिस्त्रीकडे परत जाऊ नकोस, तो तुझं घर बांधायच्या आधी स्वतःचं बांधेल 😄

पाना_दहाबारा (बडोदा)
ग्वाल्हेरकर, वॉल लावायला सांगितलंस ते बरोबर, कारण मात्र चुकीचं दिलंस. पाणी वेगात फिरलं म्हणून कमी गार होतं हे गॅरेजमधलं जुनं पुराण आहे. जास्त पाणी फिरलं तर उष्णता जास्तच बाहेर जाते. खरी भानगड बायपासची. बऱ्याच इंजिनांत वॉल दोन कामं करतो, गरम झाल्यावर रेडिएटरचा रस्ता उघडतो आणि त्याच वेळी खालच्या चकतीने बायपासचा रस्ता बंद करतो. वॉलच काढला की बायपास कायमचा उघडा, म्हणजे थोडं गरम पाणी रेडिएटरला न भेटताच गोल फिरून परत इंजिनात. घाटात याने उलट नुकसान, आणि थंडीत इंजिन गरमच होत नाही म्हणून डिझेल जास्त पितं. तुझा दीड किलोमीटर तिथे गेला बाळा.

आता राजेंद्रनगरकर नीट ऐक. मी ३० वर्षं गाड्यांच्या खाली झोपून काढलीत, त्यातून एक कळलं, गाडी तापते हे कुणीही सांगतो, कधी तापते ते विचारायचं. तू स्वतःच अर्धं उत्तर लिहिलंयस आणि तिघांपैकी एकानेही ते ऐकलं नाही.
सपाट रस्त्यावर ८० ला तापत नाही. तिथे समोरून हवा फुकट मिळते, पंख्याची गरजच नसते. म्हणजे पंप पाणी फिरवतोय आणि रेडिएटर बऱ्यापैकी वाहतोय. आतून चोक असता तर तो हायवेवर भर उन्हात आधी बोंबलला असता. शहरात इंजिनावर भार नसतो, उष्णताच कमी, अर्धामुर्धा पंखा पण भागवून नेतो. घाटात ट्रकच्या मागे दोन्हीकडून मार, भार पूर्ण आणि वेग वीसचा, हवा फक्त पंख्याने ओढायची. तिथेच तुझी गाडी बसते. माझं बोट पंख्यावर आणि हवेच्या रस्त्यावर.
हीटर फुल गरम आला आणि काटा उतरला, ही पण चांगली खूण. हीटर म्हणजे डॅशबोर्डखालचा छोटा रेडिएटरच. काटा लालकडे आणि हीटर मात्र गार फेकतोय असं झालं असतं तर पाणी कमी किंवा एअर लॉक (पाण्याच्या रस्त्यात हवा अडकलेली) म्हणालो असतो आणि गाडी तिथेच उभी करायला सांगितली असती.
पण अंदाजावर पैसे घालू नकोस. आधी नवा वॉल बसव, त्याच्यावरच उघडायचं टेंपरेचर कोरलेलं असतं, डिझेलला साधारण ८२ ते ८८, तुझ्या मॉडेलचं असेल तेच घे. घरी पातेल्यात दोऱ्याला टांगून पाणी तापव, कितीला उघडतो ते दिसतं (पातेलं जुनं घे, सूनबाईचं दुधाचं नको). वॉल नसताना केलेली कुठलीच टेस्ट खरं बोलणार नाही.
मग सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून चालू कर. एकसारखे बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावून मिनिटभरातच वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, तर गॅसकेटचा संशय धर. दोन्ही नसेल, ऑईल दुधाळ नसेल आणि पाणी कमी होत नसेल तर हेड उघडायला लावणाऱ्याला नमस्कार कर. आणि गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, कितीही घाई असो. १ बारच्या झाकणाखाली पाणी १२० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण झाकण सैल केलंस की त्याच क्षणी सगळं उकळतं आणि तोंडावर येतं. मी एक पोरगा बघितलाय तसा, त्याच्याबद्दल नंतर कधी.

माळव्याची_लेक (लोकमान्य नगर)
काकांनी सगळं लिहिलंच आहे, माझे दोन पैसे. आधी काटा तरी खरं सांगतोय का ते बघा. माझ्या जुन्या गाडीत हेडलाइट लावले की काटा टुणकन वर जायचा, बंद केले की खाली. आता इंजिन काही एका सेकंदात दहा डिग्री तापत नाही ना. मी मात्र दोन महिने घाबरून हळू चालवत होते, निघाली काय तर गंजलेली अर्थिंगची वायर. तुमचा हळूहळू चढतो म्हणजे खरंच तापत असेल, तरी लाइट, एसी, वायपर चालू-बंद करून एकदा बघाच. बऱ्याच गाड्यांत काटा ७५ पासून १०० च्या पुढेपर्यंत मधोमधच उभा ठेवलेला असतो, ग्राहक घाबरू नये म्हणून. म्हणजे तो हलला तेव्हा उशीर झालेला असतो.
ती डॉक्टरकडची पिस्तुलासारखी टेंपरेचर गन असते ना, तसली गाड्यांसाठी वेगळी मिळते, ती घ्या. कोरोनावाली चालणार नाही, ती अंगाच्या तापापुरतीच. चमकत्या ॲल्युमिनियमवर मारू नका, खोटं सांगते, रबरी पाइपवर किंवा काळी टेप लावून मारा.

राजेंद्रनगरकर
काका, ताई, रविवार सगळा यातच गेला, शेजारचे मोजे विचारायला आले की गाडी विकायची आहे का. नवा वॉल बसवला, पातेल्यात ८३ च्या आसपास हलला, ८२ चाच होता. बुडबुडे नाहीत, पाइप मऊ, ऑईल स्वच्छ. हेडलाइट लावून काटा जागचा हलत नाही. मग एसी लावून अर्धा तास घरासमोर उभी ठेवली, इंजिन बंद करून मागच्या बाजूने जाळीवर गन मारली, वरून खाली टेंपरेचर हळूहळू कमी होतं, मध्ये कुठे गार पट्टा नाही. एसी चालू असूनही पंखा मात्र काही जोर लावल्यासारखा वाटला नाही. आता काय?

पाना_दहाबारा (बडोदा)
गार पट्टा नाही म्हणजे नळ्या उघड्या आहेत, रेडिएटरचे पैसे वाचले. आता पंखा. तुझ्यात बेल्टवरचा व्हिस्कस कपलिंगवाला पंखा असणार. त्यात सिलिकॉन ऑईल असतं, पुढे एक पट्टीची गुंडाळी असते, रेडिएटरमधून गरम हवा आली की ती वळते, ऑईलचा रस्ता उघडते आणि पंखा घट्ट पकडला जातो. पकडला की ट्रकसारखा घोंघावतो, ऐकू न येणं शक्यच नाही. तू म्हणतोस जोर नाही. इंजिन खूप गरम असताना बंद कर, किल्ली खिशात टाक, मग पात्याला बोटाने झटका दे. चांगला असेल तर जेमतेम एक फेरी, अडखळत. चार-पाच फेऱ्या सुळसुळ फिरला तर गेला. मधल्या गोल डब्यावर तेलकट काळा चिकटा आहे का तेही बघ. आणि बॅटरी लाव, एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत डोकाव, तिथे काय साठलंय ते समोरून दिसत नाही.

ग्वाल्हेरी_तोफ
कपलिंग कशाला नवं, आमच्याकडे दोन बोल्ट मारून पंखा डायरेक्ट करतात. तीनशे रुपये.

पाना_दहाबारा (बडोदा)
करतात, मला माहीत आहे, मीही केलेत तरुणपणी. मग तो पंखा थंडीत, हायवेवर, कायम इंजिनाच्या वेगाने फिरतो, आवाज, डिझेल, बेल्टवर ताण, आणि प्लास्टिकचं पातं एखाद दिवशी तुटून रेडिएटरमध्येच घुसतं. रस्त्यात अडकलास तर घरी पोचण्यापुरतं कर. भंगारातलं कपलिंग पण घेऊ नकोस राजा, ते आतून कसं आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

राजेंद्रनगरकर
काका सहा फेऱ्या!! सहा मोजल्या, मुलाने व्हिडिओ काढला. डबा तेलकट. आणि त्या फटीत माती, पिसं, सावरीचा कापूस, एक अख्खं चॉकलेटचं रॅपर, जसं गोधडीच भरली होती. मागून कमी प्रेशरच्या पाण्याने धुतलं, चिखल निघाला काळा. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर एका बाजूने नाहीच, मागे डेंटिंगच्या वेळी तुटलं असावं आणि कुणी सांगितलंच नाही, त्याशिवाय पंखा आजूबाजूचीच हवा ओढत बसतो असं आमचा नवा मिस्त्री म्हणाला (हा चौथा, पण ऐकून घेतो). नवं कपलिंग, कव्हर, सगळं पाणी काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं कुलंट. बोरिंगच्या पाण्याने तळाला पांढरी खार धरली होती, तीन महिन्यांतच.

माळव्याची_लेक (लोकमान्य नगर)
मग घाट?

राजेंद्रनगरकर
काल मुद्दाम गेलो. बडवाह्यापर्यंत जाऊन पोहे खाल्ले आणि फिरलो, भेरूघाटात ट्रक सापडावा म्हणून चोरलला दहा मिनिटं वाट बघितली, बायको म्हणते आयुष्यात पहिल्यांदा ट्रकची वाट बघणारा माणूस पाहिला. एसी चालू, दुसरा गिअर. निम्म्या चढणीला पंखा अचानक घोंघावला, मी दचकलो, इतक्या वर्षांत हा आवाज विसरलोच होतो. काटा जागेवर. वर पोचल्यावर दोन मिनिटांत आवाज आपोआप गेला.
जुनं कपलिंग पहिल्या मिस्त्रीने मागितलंय, म्हणे तुमच्या काय कामाचं. ऑईल भरून दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारेल. दिलं नाही, गॅलरीत पडलंय.