गणपतीसाठी वाढपी हवेत (तिसरी आठवण)

मंडळी, सप्रेम नमस्कार.
गणपती तीन आठवड्यांवर आलेत आणि वाढायला बारा जण हवेत तिथे चारच नावं आली आहेत. गेल्या वर्षीचे सात जण यंदा गप्प आहेत. प्रत्येकाला 15 डॉलरचं गिफ्ट कार्ड द्यावं असं कार्यकारिणीत चाललंय. हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा.
– सचिव

सचिवताई, माझी हरकत आहे. त्या सातांतलाच मी एक.

सकाळी शाळेच्या कॅफेटेरियात टेबलं मांडण्यापासून रात्री भांडी गाडीत भरेपर्यंत अकरा तास जातात. 15 डॉलर दिलेत की ताशी दीड डॉलरसुद्धा पडत नाही. फुकट करत होतो तोवर हा हिशोब डोक्यात आला नव्हता!

ही माझीच खोड नाही. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या अर्थतज्ज्ञांचा एक प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. इस्रायलमधली शाळकरी मुलं घरोघर देणग्या मागत फिरली. काहींना मोबदला नाही, काहींना जमवलेल्या रकमेच्या 1 टक्का, काहींना 10 टक्के. सगळ्यात जास्त पैसे आणले फुकट फिरणाऱ्यांनी आणि सगळ्यात कमी 1 टक्केवाल्यांनी. आपलं गिफ्ट कार्ड त्या 1 टक्क्यातलं.

मग मी का सोडलं? गेल्या वर्षी शेवटची रांग संपली तेव्हा ट्रेमध्ये मसालेभाताची खरवड आणि कोशिंबिरीचं पाणी उरलं होतं. वाढप्यांनी पार्किंगमध्ये उभ्याउभ्या पिझ्झा खाल्ला. त्यातही मजा आली म्हणा. पण दुसऱ्या दिवशी ‘श्रीखंड कमी पडलं’ यावर एकोणीस मेल आल्या, आणि तुम्ही जेवलात का, हे कुणी विचारलं नाही.

त्याआधी सहा वर्षं केलं, ते का? इथे नवा आलो तेव्हा कुणाला ओळखत नव्हतो. पहिल्याच गणपतीत एका काकूंनी हातात वरणाचं पातेलं दिलं, “तूप मागून येतंय, तू हो पुढे.” ताट घेऊन बसलो असतो तर अजून कुणाला ओळखत नसतो.
– वरणवाला

ती काकू मीच रे. सचिवबाई, अकरा तास कुणाला जमतात? दोन-दोन तासांच्या पाळ्या लावा. आणि नुसती मेल टाकून माणसं येत नाहीत, एकेकाला फोन करा.
– तूपवाली

गिफ्ट कार्ड रद्द. पाळ्या लावते. वाढप्यांची बारा ताटं आधीच काढून, नावं घालून झाकून ठेवू. तुमचं नाव लिहू?
– सचिव

लिहा. वरणावर. श्रीखंडावर नको.
– वरणवाला