अँटिबायोटिकनंतर पोट बिघडलंय: जिवाणूंचा रिपोर्ट काढावा का?

मानेवाडा_मैना: टायफॉइडसाठी 10 दिवस अँटिबायोटिक झालं. ते संपून दोन महिने उलटले, तरी जेवल्यावर तासाभरात पोट फुगतं आणि दिवसातून तीन-चारदा पातळ शौचाला जावं लागतं. वय 34, ताप नाही, वजन उतरलेलं नाही. एक कंपनी घरी किट पाठवून आतड्यातल्या जिवाणूंचा रिपोर्ट देते, सोबत त्यांच्याच कॅप्सूल. घ्यावं का? घरच्या खाण्यातून सुधारायचं तर सुरुवात कुठून करायची? दही रोज आहेच. जिवाणूंना खाद्य मिळावं म्हणून कच्चा कांदा-लसूणही वाढवलाय.

धंतोली_लॅब: ताई, किट नका घेऊ. त्या रिपोर्टात कोणते जिवाणू किती टक्के ते येतं, पण निरोगी माणसात ते प्रमाण किती असावं याचा सर्वमान्य आकडाच नाही. त्यामुळे "तुमचं संतुलन बिघडलंय" हे वाक्य जवळपास कुणाच्याही रिपोर्टवर बसतं. जेवणातल्या पदार्थांची आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडीची) तपासणीही तशीच. तुम्ही काय खाता एवढंच ती दाखवते आणि गहू, दूध, अंडी सगळं उगाच बंद करायला लावते. सकाळी ग्लासात थुंकून लाळेचे धागे बघायचा प्रकार तर पार निरर्थक.

खरा उपयोग साध्या तपासण्यांचा. शौचाची तपासणी वेगवेगळ्या दिवशी तीनदा करा, कारण जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी एका नमुन्यात अनेकदा सुटतो. डबी कोरडी हवी, त्यात लघवी मिसळू नये, आणि तास-दोन तासांत लॅबमध्ये पोचली पाहिजे. मे महिन्यात ती स्कूटीच्या डिक्कीत दुपारभर राहिली तर नमुना वाया गेला समजा. सोबत रक्ताच्या तपासण्या: सीबीसी (रक्तपेशी, हिमोग्लोबिन), टीएसएच (थायरॉइड) आणि सीलिअॅकसाठी, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजारासाठी, टीटीजी-आयजीए. हे रक्त द्यायच्या आधी पोळी बंद करू नका, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येतो. आतड्याला सूज आहे का ते शौचाच्या नमुन्यातल्या कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनावरून कळतं. साधारण 50 च्या आत असेल तर दिलासा. पण दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर तो आकडा फुगतो, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा.

लहान आतड्यात जिवाणू वाढलेत असा संशय असेल तर श्वासाची हायड्रोजन तपासणी. त्याआधी 4 आठवडे अँटिबायोटिक नको. आदल्या दिवशी फक्त पांढरा भात आणि अंडं किंवा चिकन, मग रात्रभर उपाशी. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दर 15-20 मिनिटांनी श्वासाचा नमुना घेतात. 90 मिनिटांत हायड्रोजन 20 पीपीएमने वाढला तर पॉझिटिव्ह. आदल्या रात्री वरण किंवा चण्याची उसळ झाली असेल तर सुरुवातीचाच आकडा चढलेला येतो, मग त्या रिपोर्टाचा अर्थ लावता येत नाही.

शौचात रक्त दिसलं, रात्री झोपेतून उठून जावं लागलं, वजन उतरलं किंवा हिमोग्लोबिन घसरलं तर घरचे प्रयोग थांबवा आणि आपल्या नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा एम्स या सरकारी रुग्णालयांत दाखवा. आपल्याकडे आतड्याचा टीबीही असाच सुरू होतो.

आंबील_भाकर: पहिले तो कच्चा कांदा-लसूण बंद करा जी. फुगलेल्या पोटात तो गॅसच वाढवतो. लसणाची चव हवीच असेल तर पाकळ्या तेलात तळून काढून टाका. पोट फुगवणारी साखर पाण्यात उतरते, तेलात नाही. तेवढीच काळजी डाळीची: तूर-चणा 8-10 तास भिजवून पाणी फेका, सध्या मुगावर भर द्या. ही बंधनं 4-6 आठवडेच. नंतर एकेक पदार्थ तीन-तीन दिवस वाढवत परत आणा, कारण हेच पदार्थ कायमचे सुटले तर चांगल्या जिवाणूंची उपासमार होते.

दूध 2 आठवडे पूर्ण थांबवून पाहा, चहातलंही. पोटाच्या संसर्गानंतर दुधातली साखर पचवणारं एन्झाइम काही काळ कमी होतं आणि मग दोष जिवाणूंवर जातो. दह्यात ती साखर कमी असते, म्हणून ताजं दही वाटीभर बहुतेकांना सोसतं. अर्ध्या लिटर कोमट दुधाला एक लहान चमचा विरजण. उन्हाळ्यात 4-5 तासांत लागतं, लागलं की लगेच फ्रीजमध्ये. कढी केली की जिवाणू मरतात. चवीला करा, औषध म्हणून नाही.

आंबिलाचंही तसंच आहे. दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी तीन वाट्या पाण्यात ढवळत 8-10 मिनिटं शिजवा, आणि पूर्ण कोमट झाल्यावरच वाटीभर ताक घाला. उकळत्यात ताक घातलं तर ते फाटतं आणि जिवाणूही जातात. आंबवलेल्या पिठावर गुलाबी किंवा काळी साय दिसली तर सगळं फेका.

तंतूंचं (फायबरचं) लक्ष्य दिवसाला 25-30 ग्रॅम, पण आठवड्याला 4-5 ग्रॅमच वाढवा. 50 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे 5 ग्रॅम, मोठा चमचाभर जवसाच्या चटणीत अडीच-तीन. संत्र्याचा रस काढू नका, फोडी खा. एका आठवड्यात सगळं वाढवलं तर पोट ढोलासारखं होतं आणि लोक तंतूंनाच नावं ठेवून सोडून देतात. इसबगोल एका लहान चमच्यापासून सुरू करा. इतर तंतूंच्या मानाने त्याने गॅस कमी होतो आणि पातळ शौच बांधून येतं. मात्र मोठा ग्लासभर पाण्यात कालवून लगेच प्या, आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा.

वर्धा_रोड_फार्मा: वरचं सगळं पटलं, औषधांचं राहिलं. अॅसिडिटीची गोळी सवयीने रोज चालू असेल तर डॉक्टरांना विचारून कमी करा. पोटातलं आम्ल कमी झालं की लहान आतड्यात जिवाणू वाढायला वाव मिळतो. घरात कुणाला मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल आणि पातळ होत असेल तर आधी तिकडे बघा.

प्रोबायोटिक (चांगल्या जिवाणूंच्या) कॅप्सूल सरसकट नको. अँटिबायोटिक चालू असताना सॅकरोमायसिस बोलार्डी देतात, कारण ते यीस्ट आहे, जिवाणू मारणाऱ्या औषधाने मरत नाही. तुमचा कोर्स संपून दोन महिने झाले, आता त्याची गरज थोडी. शिवाय 2018 साली सेल या संशोधन नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात कोर्सनंतर अनेक जातींचं मिश्रण घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला होता. कीमो किंवा स्टिरॉइड चालू असलेल्यांनी अशी कॅप्सूल स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नये.

आणि पातळ झालं की "मागच्या वेळची पट्टी" मागू नका. आधी जिआर्डियाचा रिपोर्ट येऊ द्या. तो पॉझिटिव्ह आला तर त्याचं औषध वेगळं आहे, तेच टायफॉइडचं अँटिबायोटिक परत घेऊन उपयोग नाही.