मदत हवी आहे: टॉप स्पीड गिअर ठरवतो की इंजिनाची ताकद?

राम राम मंडळी, मी चाळीसगावचा. धाकटा भाऊ मेकॅनिकल डिप्लोमाला आहे, त्याचा सेमिनार स्पोर्ट्स कारच्या गिअरिंगवर आहे. काल रात्री दोघांनी हिशेब मांडला. चाकाचा घेर 2 मीटर, इंजिन 7000 आरपीएम (मिनिटाला फेरे), गिअर 1:1, फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतर चाकांकडे जाताना वेग कमी करणारा शेवटचा रेशो) 3.5, तर वेग ताशी 240 किमी. फायनल ड्राइव्ह 3.1 केला की कागदावर 271!

पण हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे तेवढ्यासाठी सुमारे 44 टक्के जास्त ताकद लागेल. ती आणायची कुठून?

हे मी स्वतः अनुभवलंय. माझ्या बाइकचं पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) 14 दातांचं काढून 15 चं टाकलं, म्हणजे फायनल ड्राइव्ह कमी केल्यासारखंच. आता धुळे रोडला समोरून वारा आला की पाचव्यात इंजिन दबतं, चौथ्यात घेतली की काटा पुढे सरकतो.

मग गाडी बनवणारे हा मेळ कसा घालतात? कमाल ताकदीचा आरपीएम नेमका टॉप स्पीडलाच यावा असा? पोर्शे 911 कॅरेराच्या 991 पिढीतल्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये सातवा गिअर असूनही टॉप स्पीड सहाव्यातच मिळतो. त्यातच मॅन्युअलचा वेग 289 आणि पीडीकेचा (पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) 287, इंजिन तेच! हा 2 किमीचा फरक रेशोमुळे की गिअरबॉक्समध्ये वाया जाणाऱ्या ताकदीमुळे? आम्ही इथेच अडलोय. जाणकार दादांनी आकडेमोडीसह समजावलं तर फार उपकार होतील, सेमिनार सोमवारी आहे.