‘सिम्बॉलिक’च्या पुढे ‘टू’ की ‘ऑफ’?

प्रश्न : इंग्रजी लेखात मी ‘द स्टॉप्ड क्लॉक इज सिम्बॉलिक टू हर ग्रीफ’ असं लिहिलं. तपासणाऱ्यांनी ‘टू’ खोडून ‘ऑफ’ केलं, कारण काही दिलं नाही. ‘सिमिलर टू’ चालतं, मग हे का नाही?

उत्तर : ज्याचं प्रतीक, त्याच्या आधी ‘ऑफ’. आपण ‘दुःखाचं प्रतीक’ म्हणतो त्यातला ‘चं’ म्हणजेच हा ‘ऑफ’. ‘टू’ येतो, पण माणसाच्या आधी. ‘द क्लॉक वॉज सिम्बॉलिक टू हर’ म्हणजे तिच्या लेखी ते घड्याळ प्रतीक होतं. कशाचं, ते गुलदस्त्यातच. तुमच्या वाक्यात चक्क दुःखाच्या लेखी घड्याळ प्रतीक ठरलंय!

पुढे काहीच न जोडणं त्याहून फसवं. ‘द स्ट्राइक वॉज सिम्बॉलिक’ वाचून कुणी प्रतीक शोधत बसत नाही. तो आपला लाक्षणिक संप, नावापुरता.

मूळ ग्रीक ‘सिम्बोलॉन’ म्हणजे ओळखीची खूण. एका वस्तूचे दोन तुकडे करून दोघांनी एकेक ठेवायचा. पुढे ते जुळले की ओळख पटली. नुसता ‘सिम्बॉलिक’ मला त्यातल्या एकाच तुकड्यासारखा वाटतो.

प्रश्न : ‘सिम्बॉलाइझेस ऑफ’ चालेल?

उत्तर : अजिबात नाही. क्रियापदाला थेट कर्म द्या : ‘द क्लॉक सिम्बॉलाइझेस हर ग्रीफ’. मनातला ‘चं’ तिथे उगाच ‘ऑफ’ होऊन घुसतो.

आणखी एक उत्तर : नाम वापरताना ‘फॉर’ही लक्षात असू द्या. ठरवून दिलेलं चिन्ह असेल तर बहुतेकदा ‘सिम्बॉल फॉर’. रसायनशास्त्रात ‘एयू’ हा ‘सिम्बॉल फॉर गोल्ड’, लॅटिन ‘ऑरम’वरून आलेला. सोनं स्वतः मात्र ‘सिम्बॉल ऑफ वेल्थ’. मराठीत पहिल्याला चिन्ह, दुसऱ्याला प्रतीक म्हणून पाहा. चिन्ह म्हणावंसं वाटलं तर ‘फॉर’. ही खूणगाठ दर वेळी लागू पडेलच असं नाही, पण माझं काम भागतं.

प्रश्नकर्ता : आभार. ‘ऑफ’ ठेवतो. स्पेलिंगही आत्ताच पाहिलं. ‘सिम्बॉल’ हे नाम मी सुरुवातीला ‘एस’ऐवजी ‘सी’ आणि शेवटी ‘ओ’ऐवजी ‘ए’ घालून लिहिलं होतं. त्या स्पेलिंगच्या शब्दाचा अर्थ झांज, म्हणजे एका परिच्छेदात घड्याळाची झांज झाली होती.