स्विचवरचा मारिओ एवढा जोरात का पळतो?

नारायणपेठी
मावसभाऊ सिंगापूरहून निन्टेन्डोचा नवा गेम कन्सोल, स्विच २, घेऊन आलाय. पोरं त्यावर गेमक्यूब या निन्टेन्डोच्याच जुन्या कन्सोलचा 'एफ-झीरो जीएक्स' खेळत होती. माझी पाळी आल्यावर मी जुन्या गेमच्या यादीतून १९८५ चा सुपर मारिओ लावला. पहिल्या लेव्हलचे खड्डे माझ्या बोटांना पाठ आहेत, पण इथे मी उडी मारेपर्यंत मारिओ खड्ड्यात! गाणंही घाईत वाजतं. सूर तोच, लय मात्र जलद.

शंका आली म्हणून माळ्यावरून आमचा जुना टीव्ही गेम काढला. नव्वदीत बाबांनी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणलेला, तैवानी बनावटीचा. कॅसेटच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या आणि तो चालू झाला! (फुंकर मारू नका हो, वाफेने पिना गंजतात.) एलईडी टीव्हीला पिवळी पिन नाही, म्हणून एचडीएमआय कन्व्हर्टर लावला. वेग अगदी लहानपणीचा. पण बटण दाबल्यावर उडी उशिरा लागते. शिवाय 'कॉन्ट्रा' या गोळीबाराच्या गेममध्ये मेल्यावर नवा गडी लुकलुकत उतरतो ना, तो कधी पूर्ण गायब असतो, कधी त्याच्या अंगावर आडव्या रेघा दिसतात. म्हणजे एकीकडे वेग चुकीचा, दुसरीकडे चित्र. दोन्ही बरोबर मिळेल असं काही आहे का?

सोल्डरगन_कोथरूड
तुमची आठवण शंभर टक्के खरी आहे. जपान-अमेरिकेत टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा, आपल्याकडच्या पाल पद्धतीत ५०. हे गेम एका चित्रामागे एक पाऊल पुढे सरकतात, त्यामुळे पाल क्लोनवर (म्हणजे तुमच्यासारख्या, निन्टेन्डोच्या मशीनच्या नकलेवर) सगळं सुमारे १७ टक्के हळू चालतं. त्यातल्या यूएमसी या तैवानी कंपनीच्या चिपमध्ये प्रोसेसरचा वेग जवळपास मूळ जपानी मशीनइतकाच ठेवला होता, म्हणून सूर उतरला नाही, नुसती लय संथ झाली. हे कानाने पकडलंत, मानलं तुम्हाला!

लुकलुकण्याचा घोटाळा कन्व्हर्टरचा. जुना गेम दर वेळी पूर्ण चित्र पाठवतो. स्वस्त कन्व्हर्टर त्याला अर्धं (एकाआड एक ओळींचं) समजतो आणि लागोपाठची दोन चित्रं एकमेकांत विणतो. गडी एका चित्रात आहे, पुढच्यात नाही, म्हणून रेघा. या विणकामातच वेळ जातो, वर टीव्हीचा स्वतःचा उशीर. टीव्हीत 'गेम मोड' असेल तर आधी तो लावा. रेट्रोटिंकसारखं यंत्र हे नीट सांभाळतं, पण महाग पडतं. कॉम्प्युटरवर खेळणार असाल तर 'मेसेन' या एम्युलेटरमध्ये (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) रिजन 'डेंडी' निवडा. डेंडी हा रशियातला असाच क्लोन. आपला वेग तिथे हुबेहूब मिळतो.

धायरीची_ताई
एम्युलेटर ठीक आहे, पण मशीन जिवंत असताना डब्बा टीव्हीच आणा. माझ्याकडे 'डक हंट' या बदकं टिपायच्या गेमची बंदूक आहे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदूक तो उजेड शोधते. पिक्चर ट्यूबवर तो तत्क्षणी उमटतो. एलईडीवर उशिरा येतो, आणि ट्यूबच्या उजेडातली जी थरथर बंदुकीला ओळखता येते ती तिथे नसतेच. नेम कितीही अचूक धरा, बदक पडत नाही. भाचीने पहिलं बदक पाडलं तेव्हा ती सोफ्यावर उभी राहून ओरडली!

नारायणपेठी
ताई, दादा, मनापासून आभार. डेंडी लावून बघितलं. पहिला खड्डा सहज पार, तोच वेग, तीच लय! आता टीव्ही हवाच. टेट्रिस खेळणारे गेम ५० चा की ६० चा यावर का अडून बसतात तेही कळलं. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या मुलाने निन्टेन्डोवरचा टेट्रिस १५७ व्या लेव्हलपर्यंत नेला आणि गेमच गोठला. तो विक्रम ६० वाल्या आवृत्तीवरचा. पालमध्ये लेव्हलनुसार वेगाचं गणितच वेगळं, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून भागत नाही.

धायरीची_ताई
जुन्या बाजारात बघा, मंगळवार पेठेत, रविवारी किंवा बुधवारी. सकाळी लवकर जा. गेम आणि पिवळी वायर सोबत न्या, तिथेच लावून बघा. चारही कोपऱ्यांत रंग सारखा आहे का ते तपासा. आणि घरी आणल्यावर मागचं झाकण स्वतः उघडू नका, बंद टीव्हीच्या ट्यूबमध्येही हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात.