आजीला व्हॅलेंटाईनला कुठे नेऊ? शनिवारच आहे, लवकर सांगा

सई_पु
१४ तारखेला आजीला घेऊन बाहेर जायचंय. पेपरातली व्हॅलेंटाईनची पुरवणी वाचून तिनेच विषय काढला, "मला नाही कधी कुणी नेलं, तू नेतेस का?" मी लगेच हो म्हटलं आणि आता काही सुचत नाहीये. मेणबत्त्या लावलेलं हॉटेल तिला आवडणार नाही. देवळात नेलं तर म्हणेल, हे तर रोजचंच. अर्धा दिवस पुरे. गूगल करून झालंय, कृपया तो सल्ला नको.

बापू_कर्वेनगर
गाव कुठलं? वय किती? चालवतं का त्यांना? यातलं काहीच लिहिलं नाहीत, सांगायचं काय?

मनवा
आजोबांनाही न्या ना! दोघांना एका टेबलावर बसवा, तुम्ही लांब बसा. सासूसासऱ्यांना आम्ही असंच नेलं होतं, सासूबाई वर्षभर सगळ्यांना सांगत होत्या.

सई_पु
आजोबा नाहीत. म्हणजे वारले असं नाही. ती बाबांची आत्या, लग्नच केलं नाही तिने. आम्ही सगळे आजीच म्हणतो. वय ८१, वाईला राहते. मी शुक्रवारी रात्री पुण्याहून पोचेन.

मनवा
अहो, हे आधी सांगायचं ना! मग तर न्यायलाच हवं.

शंतनू५६
आपल्याकडे वसंतपंचमी असताना हे उसनं कशाला?

बापू_कर्वेनगर
वसंतपंचमी २३ जानेवारीलाच झाली. ८१ वर्षांची बाई तोंडाने मागतेय, तिला पुढच्या वर्षी बघू म्हणायचं?

शंतनू५६
मी तत्त्वाचं बोलतोय. आजींना नेऊ नका असं कुठे म्हटलं?

एसटीप्रेमी
७५ पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटी मोफत आहे, आजींचं आधार कार्ड बरोबर ठेवा. तुम्हालाही महिला म्हणून निम्मंच तिकीट.

सई_पु
गाडी आहे हो आमच्याकडे.

घाटवाला
वाईहून सरळ महाबळेश्वर. फक्त क्षेत्र महाबळेश्वरच्या बाजूला जाऊ नका, रविवारी महाशिवरात्र आहे, आदल्या दिवसापासूनच गर्दी होईल. वाटेत मॅप्रोला थांबा, आम्ही दरवर्षी थांबतो.

पॉलीहाऊस_मावळ
गुलाब घेणार असाल तर लांब दांडीच्या मागे लागू नका, या आठवड्यात भाव चढेच असतात. आमच्या मावळातला माल जानेवारीअखेरपासून परदेशी जायला लागतो. घरी नेल्यावर दांडी तिरकी कापा, पाण्यात बुडतील ती पानं काढून टाका. फूल टिकतं.

रेवा
सगळे आपापलं सांगताहेत. सई, त्यांना आवडतं काय?

सई_पु
वाचायला. शिक्षिका होती. दिवाळी अंक फाल्गुनापर्यंत पुरवून वाचते, आवडलेल्या ओळीशेजारी पेन्सिलीने बारीक फुली करते. गुडघे दुखतात, मधुमेह आहे.

रेवा
मग भिलार! पाचगणीच्या पुढे, २०१७ मध्ये सुरू झालेलं पुस्तकांचं गाव. घराघरांत कपाटं आहेत, कुठे कविता, कुठे चरित्रं, कुठे बालसाहित्य. हवं ते काढायचं, तिथेच बसून वाचायचं, पैसे नाहीत. आईला नेलं होतं तर तिथल्या काकूंनी स्वतः खुर्ची उन्हात आणून ठेवली. सगळं गाव फिरायच्या भानगडीत पडू नका, एकदोन घरं पुष्कळ झाली. कमोड कुठे आहे ते मात्र आधी फोन करून विचारा, गुडघे दुखणाऱ्या माणसाचा दिवस त्यावरच ठरतो.

घाटवाला
पुस्तकं काय घरीही वाचता येतात. आजींना जरा मजा करू द्या.

रेवा
त्यांची मजा त्यांच्या आवडीवर ठरेल ना! शनिवारच्या गर्दीत मॅप्रोला रांगेत उभं राहायचं, ते त्या गुडघ्यांनी?

घाटवाला
बरं. पण पसरणी घाट सकाळी आठच्या आत चढा आणि जेवणाच्या सुमाराला परत फिरा, नाहीतर गाडीतच बसून राहाल.

डॉ_मंजिरी
नाश्ता आणि गोळ्या नेहमीच्या वेळी होऊ द्या, लवकर निघायचं म्हणून उपाशी नेऊ नका. तिकडे सध्या स्ट्रॉबेरीचा हंगाम आहे. चार-पाच खाल्ल्या तर चालतं, वर क्रीम आणि साखर नको.

मनवा
एक दिवस खाऊ द्या की क्रीम!

डॉ_मंजिरी
दुसऱ्या दिवशी महाशिवरात्रीचा उपास धरतील, वर साबुदाणा खातील. साखर तुम्ही सांभाळणार का?

सई_पु
उपास धरतेच ती, मी लिहायला हवं होतं. भिलार ठरलं. आत्ताच तिला फोन केला तर पहिला प्रश्न, "कवितांचं घर कुठलं?" रेवा, तिथे गाडी दारापर्यंत जाते का आणि पायऱ्या किती आहेत? रात्रीपर्यंत सांगाल?